नऊ नंबरचा जोडा

"टाच कुरकुरते," फोनवरची बाई म्हणाली. "जोडे विकता की खुळखुळे?"

पहाटेचे साडेपाच वाजले होते. गुंजनचे डोळे धड उघडलेही नव्हते, पण आवाज तिनं ताबडतोब गोड केला.

"माफ करा, माताजी. परत पाठवा. मी नवा जोडा आजच रवाना करते."

"आणि तोही असाच निघाला तर?"

"तर आणखी एक पाठवीन, माताजी."

ही बाई तीन आठवडे तिच्या डोक्यावर बसली होती. मुलासाठी तिनं नऊ नंबरचा काळा जोडा मागवला होता. पहिला जोडा परत आला, का तर तपकिरी दिसतो! काळा रंग तपकिरी कुणाला दिसतो, देव जाणे. दुसरा आता टाचेपायी परत येणार होता.

गिऱ्हाइकांचे नमुने गुंजनला नवे नव्हते. कुणी वरातीत नाचून आलेले बूट चिखलासकट 'न वापरलेले' म्हणून परत करी. कुणी नव्या डब्यात स्वतःचे फाटके जोडे भरून पाठवी. एका महाभागानं तर वीट पाठवली होती. आग्र्याच्या जगदीशपुऱ्यात, घराच्या तळमजल्यावर, तिचे वडील किशनलाल आणि दोन कारागीर दिवसभर मान मोडून चामडं शिवत. आणि कुठेतरी पलंगावर लोळणारा माणूस फोनवर अंगठ्यानं पाचांपैकी एकच तारा दाबून त्यांची इज्जत काढी. अशा वेळी फोनमध्ये हात घालून त्याचा कान पिरगाळावा, असं गुंजनला वाटे.

पण तिला तारे हवे होते. तिची आत्या रामकली दर पंधरवड्याला एखादं स्थळ घेऊन येई. शेवटी गुंजननं वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं: होळीपर्यंत दुकानाचे तारे चारवर गेले, तर लग्नाचा विषय बंद. नाही गेले, तर ऑनलाइन दुकान बंद आणि रामकली म्हणेल तो नवरा. वरची डब्यांनी भरलेली खोली, स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला धंदा, सगळंच त्या चार ताऱ्यांना टांगलेलं होतं. म्हणून ती राग गिळत होती.

तिसरा जोडा पोचला त्या दिवशी फोन आला तेव्हा ती कणीक मळत होती.

"शिलाई वाकडी आहे. तुझ्या बापाला दिसत नाही का?"

गुंजनची कानशिलं तापली. "चूक झाली असेल, माताजी. फोटो पाठवता का?"

"मला नाही येत फोटोबिटो. मोठ्या माणसाला कामं सांगतेस? आईनं काही शिकवलं नाही वाटतं."

"आई नाही मला, माताजी. पण तुमचं बरोबर आहे. मी चौथा जोडा पाठवते."

मग बाई म्हणाली, "फोन ठेवू नकोस. माझं झालं नाही अजून."

तिचं व्हायला वीस मिनिटं लागली. गुंजन 'हो माताजी' म्हणत राहिली. फोन बंद झाल्यावर तिनं कणकेचा गोळा परातीत असा आपटला, की खालून किशनलालनं विचारलं, "काय पडलं गं, लाली?"

"काही नाही, बाबूजी."

होळीला दोन दिवस होते. चौथा जोडा परत आला नाही. त्याऐवजी शेरा आला: 'जोडा ठीक. मुलगी फार नम्र. कितीही बोललं तरी उलटून बोलत नाही.' खाली पाच तारे. आणि दुकानाच्या नावापुढे तीन पूर्णांक नऊचे चक्क चार झाले.

गुंजननं तीनतीनदा बघितलं. त्या बाईबद्दल मनात आणलेलं सगळं तिनं मनातच परत घेतलं, आणि जिना दोनदोन पायऱ्यांनी उतरली.

"बाबूजी, चार झाले!"

खाली रामकली मिठाईचा डबा उघडून बसली होती. किशनलालचे डोळे ओले होते.

"तारे राहू देत. तोंड गोड कर," रामकली म्हणाली. "तुझं लग्न ठरलं."

"बाबूजी, आपलं ठरलं होतं ना?"

किशनलाल तिच्याकडे बघेना. "असं घर पुन्हा चालून यायचं नाही, लाली. मी शब्द देऊन बसलो."

"मला बघायलासुद्धा कुणी आलं नाही, बुआ!"

"गरजच काय?" रामकलीनं लाडू तिच्या तोंडापाशी धरला. "मुलाच्या आईनं तुझ्याकडून चारचार जोडे मागवून, फोनवर वाटेल ते बोलून तुला पारखलंय. थोरली सून महिनाभरातच उलटून बोलली होती. ही मात्र, म्हणाल्या, जन्मभर टिकेल."