खांबेट्यांची कप्पी

"हात लावायचा नाही, नुसतं बघायचं," म्हणत खांबेट्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सोफ्यावर बसवलं. डोक्यावर छताला त्यांची सायकल लटकत होती. सेक्रेटरींनी एकदा मान डोलावली की जिन्यात अडगळ झालेल्या सगळ्या सायकली अशाच घरोघरी वर चढणार होत्या आणि योजनेला खांबेट्यांचं नाव लागणार होतं.

"दोरी दोन कप्प्यांवरून थेट स्वयंपाकघरात जाते. तिथं ती गव्हाच्या कोठीला बांधलीय. कोठी जड, म्हणून सायकल वर. साधं गणित!"

"अहो, गहू तळाला गेलेत," आतून नलिनीबाईंचा आवाज आला. "आठवडाभर कानीकपाळी ओरडतेय."

"बघू गं उद्या! इथं महत्त्वाचं बोलणं चाललंय."

"मग आहेत तेवढे दळणाला काढते."

"काढ, काढ!" खांबेटे हसून सेक्रेटरींकडे वळले. "या बायकांना ना, विज्ञानाचं काही..."

वर कप्पी कुरकुरली. आत कोठीनं जमीन सोडली आणि इकडे सायकल, मांडवात शिरणाऱ्या नवरदेवाच्या थाटात, सावकाश खाली येऊन दोघांच्या मधोमध सोफ्यावर बसली. तिचं एक पेडल सेक्रेटरींच्या चहात बुडालं.

सेक्रेटरी चपला घालून निघून गेले.

नलिनीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी सायकलच्या हँडलला मोठी पिशवी अडकवली.

"आयतीच खाली आलीय, तर गहू घेऊन या. नाहीतर ती काही वर जायची नाही. साधं गणित!"