मुक्ताची झोप

रिटायर झाली त्या दिवशी हेमांगी लेकीला कायमचं घरी न्यायला कंपनीच्या पाळणाघरात आली. तिथल्या सुजाताने काचेची पेटी उघडली आणि शीतनिद्रेतली मुक्ता डोळे चोळत उठली. ही सोय फुकट होती, शिवाय त्या झोपेत मुलांचं वय वाढत नसे. लेकीचं बालपण आपल्यासाठी राखून ठेवतोय, असं हेमांगीला वाटे. पण डबल पाळ्या आल्या, रविवारही गेले आणि मुक्ता तीन वर्षांचीच राहिली.

"सुजाता, डॉक्टरांनी मला वर्षभराचीच आशा दिलीय गं. हिला कोण वाढवणार?"

"नोकरी संपली की सोय बंद होते, मावशी," सुजाता खाली बघत म्हणाली.

मुक्ताने हात पसरले. हेमांगी वाकली, पण तिला लेक उचलवेना.

"राहू दे, आई," मुक्ता म्हणाली. "मी मोठी झाले ना, की मीच तुला उचलीन."

हेमांगी तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडू लागली.