मागच्या लाईनचा मास्क

“सर, पेज उघडत नाही,” मागच्या लाईनीतली रमिला तौहिदला म्हणाली.

का उघडत नाही, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सकाळी त्यानेच नेट बंद केलं होतं.

आज कॉलेजची तपासणी. संस्थेचे अध्यक्ष दिलवरसिंग बापू सकाळीच कॉम्प्युटर लॅबमध्ये आले, नव्या पडद्यांवरून हात फिरवला आणि तौहिदला जवळ बोलावून म्हणाले, “मांगनी लाईननं नेट बंद करी टाक. हॉस्टेलना पोऱ्हे दिनभर खेचत ऱ्हातस. कमिटीना समोर व्हिडिओ अडकना तर मन्ही इज्जत जाई.” दारापर्यंत जाऊन परत वळले. “आनि तुन्ही परमनंटनी ऑर्डर काढनी शे, ध्यानमा शे मन्हा.”

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

मागच्या लाईनीत हॉस्टेलची पोरं बसतात. काठीकडची, धडगावकडची, डोंगरातली. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. पुढची लाईन भरली की उरेल ती त्यांची, आणि पुढची लाईन कायम भरलेलीच असते.

तौहिदने केबल उपटली नाही. उपटलेली केबल कमिटीला दिसली असती. त्याने मागच्या प्रत्येक मशीनचा सबनेट मास्क, म्हणजे नेटवर्कची हद्द ठरवणारा आकडा, बदलला. शेवटी शून्य होता, तिथे १९२ टाकलं. मशीन चालू, हिरवा दिवा चालू, नेट मात्र नाही. काम इतकं सफाईदार झालं की क्षणभर त्याचं त्यालाच कौतुक वाटलं होतं.

“काय उघडायचंय तुला?” त्याने आवाज साधा ठेवत विचारलं.

“पुण्याच्या कंपनीची टेस्ट आहे सर. तुम्हीच नाव पाठवलं होतं माझं. बारापर्यंतच लिंक चालू आहे. मोबाईलवर होत नाही ती.”

त्यानेच नाव पाठवलं होतं. आणि विसरून गेला होता.

“पुढे बसू का?”

पुढे बापूंनी निवडलेली पोरं नव्या ब्लेझरमध्ये ताठ बसली होती. “आज नको,” तो म्हणाला.

रमिला पुन्हा स्क्रीनकडे वळली. सेटिंग उघडून तिने आकडे वाचले. मग हळूच म्हणाली, “सर, मास्क बदललाय कोणीतरी. १९२ झालाय. मी शून्य करते, नेट लगेच लागेल.”

तिची बोटं कीबोर्डवर गेली. त्याच वेळी दारात बापूंचा आवाज आला, “या, मॅडम, या. ही आमची लॅब.”

“हात नको लावू,” तौहिद म्हणाला.

“सर, अर्धाच तास राहिलाय...”

“सांगितलं ना. हात काढ.”

तिने हात काढून मांडीवर ठेवले. का म्हणून विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, दोन शब्द रागावता तरी आलं असतं.

पुढच्या भिंतीवर व्हिडिओ सुरू झाला, कुठे न अडकता संपला. बापू खूश. कमिटीतल्या मॅडम मात्र चष्मा सावरत थेट मागच्या लाईनीत आल्या आणि रमिलाच्या खुर्चीशी थांबल्या.

“काय चाललंय, बाळा? हे पेज असं कोरं का?”

रमिला उभी राहिली. “मास्कमुळे, मॅडम.”

“म्हणजे काय, सांग बघू.”

“प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर असतो. आपलं गाव कुठल्या नंबरपर्यंत, ते मास्क सांगतो. गावातल्याशी सरळ बोलायचं. गावाबाहेर जायचं तर वेशीतून. वेस म्हणजे गेटवे, तिचा नंबर एक. मास्कच्या शेवटी शून्य असला की अख्खी लॅब एक गाव. १९२ टाकलं की चौसष्ट-चौसष्टचे तुकडे पडतात. वेस पहिल्या तुकड्यात गेली. आम्ही मागचे पासष्टच्या पुढचे, दुसऱ्या तुकड्यात. आता वेसच आमच्या गावात नाही. मग बाहेर निघायचं कुठून?”

हे गाव, ही वेस, सगळं तौहिदचंच. गेल्या महिन्यात फळ्यावर चित्र काढून त्याने शिकवलं होतं. तेव्हा तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याला वाटलं होतं, डोक्यावरून गेलं.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “मग हे १९२ टाकलं कोणी?”

बापूंनी तौहिदकडे पाहिलं. तौहिदने बापूंच्या बुटांकडे पाहिलं. मी टाकलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते जिभेवर आले, तिथेच बसून राहिले.

रमिलाने सरांचा चेहरा पाहिला.

“मीच, मॅडम,” ती म्हणाली. “प्रॅक्टिकल करत होते.”

“शाबास. स्वतः मोडून बघितल्याशिवाय कळत नाही.” मॅडम तौहिदकडे वळल्या. “मनापासून शिकवता तुम्ही.”

बापूंनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. “हिरा शे आमना, मॅडम.” पुढच्या लाईनीने टाळ्या वाजवल्या. खांद्यावरचा हात जड होता. तौहिद हसला. हसू आलं कुठून, देव जाणे, पण आलं आणि तोंडावर चिकटून राहिलं.

कमिटी जेवायला गेली. पुढची पोरं ब्लेझर काढत बाहेर पळाली. तौहिद वळला, तर रमिला अजून तिथेच, हात मांडीवर ठेवून. जा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

तो तिच्याकडे न बघता वाकला, १९२ खोडलं, शून्य टाकला. पेज भसकन उघडलं. लाल अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, परीक्षेची वेळ संपली आहे.

रमिलाने ते सावकाश वाचलं.

“लागलं, सर,” ती म्हणाली.