पहिल्या नंबरची माळ

"दुधखुळा समजतोस का मला? काल प्रदर्शनात पहिला नंबर आला आणि आज गाय आडवी! विष घातलंस तू तिला, विष!"

थोरला भाऊ भिंतीच्या अलीकडून ओरडत होता, धाकटा पलीकडून ऐकत होता. वाटणी झाल्यापासून अंगणाच्या मधोमध ही कंबरेएवढी भिंत होती. दोघांच्या बायका आपापल्या नवऱ्याच्या मागे उभ्या होत्या आणि फाटकात अख्खी गल्ली जमली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

"दादा, मी कशाला तुझ्या गाईच्या वाटेला जाऊ?" धाकटा म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा!" थोरली वहिनी कडाडली. "परवा फवारणीचं औषध कोणी आणलं घरात? आम्ही काय आंधळे आहोत?"

गाय गोठ्याच्या दारात कुशीवर पडली होती. पोट टम्म, कान गार. जनावरांची डॉक्टर तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली होती. तिनं पुन्हा एकदा छातीला नळी लावली आणि वैतागून वर बघितलं.

"जरा तोंडं बंद ठेवता का सगळे? मला ठोके ऐकू येत नाहीयेत."

तिनं पुन्हा नळी लावली.

"ठोके चुकतायत," डॉक्टर म्हणाली. "फवारणीचं औषध नाही हे. ते पोटात गेलं असतं तर लाळेची धार लागली असती. काय खाल्लं हिनं?"

"रोजचंच. चारा, पेंड. मी माझ्या हातानं घालतो," थोरला म्हणाला. "वरून काय घातलं ते ह्याला विचारा."

"मी तुम्हाला विचारतेय."

"अहो, आधी काहीतरी टोचा ना तिला! जीव चाललाय तिचा आणि तुम्ही चौकशा करत बसलाय!" त्याचा आवाज फाटला. भावाचा दुस्वास एकीकडे, पण गाईवर त्याचा जीव होता, ते खोटं नव्हतं. आई मेलेल्या त्या वासराला त्यानं बाटलीनं दूध पाजून मोठं केलं होतं.

डॉक्टरनं पिशवीतून बाटली काढली. "अशी पडलेली गाय बहुतेक वेळा कॅल्शियमनं उठते. तेच लावते. पण आत्ताच सांगून ठेवते, हिच्या पोटात विषारी पाला असला, तर हेच औषध हिला मारेल. अर्धी बाटलीसुद्धा जाणार नाही. तेव्हा कोणाला काही माहीत असेल तर बोला."

डॉक्टर गाईच्या मानेवर शीर चाचपू लागली.

भिंतीपलीकडे धाकट्याची बायको पुढे सरकली. बोललं तर गल्लीभर बदनामी, नवऱ्याच्या हातात बेड्या. नाही बोललं तर मुकं जनावर डोळ्यांदेखत जाणार. सुई कातडीला टेकली.

"थांबा!" ती म्हणाली. "डॉक्टर, थांबा. काल प्रदर्शनात मी तिला माळ घातली होती. नंबर आला म्हणून. फुलं कमी पडली, म्हणून रस्त्याकडेच्या कण्हेरीची फुलं-पानं ओवली. भरपूर ओवली."

धाकट्यानं वळून बायकोकडे बघितलं. त्यालाही हे नवीन होतं.

"म्हटलं, त्या निमित्तानं तरी बोलणं सुरू होईल," ती त्याला हळूच म्हणाली.

"कण्हेर विषारी असते, माहीत नाही?" डॉक्टरनं बाटली बाजूला ठेवली होती. ती आता घाईघाईनं विष शोषून घेणारी कोळशाची पूड पाण्यात कालवत होती.

"मूळ विषारी असतं एवढंच ऐकलं होतं. आणि जनावर तर तिला तोंडही लावत नाही."

"ताज्या पाल्याला नाही लावत. सुकला की कडू लागत नाही, मग खातात. सकाळीच सांगितलं असतं कोणी, तर काही करता आलं असतं."

तिनं गाईच्या तोंडातून नळी आत सारली. काळं पाणी थोडंसंच गेलं असेल. गाईनं पाय ताणले, अंगावरून एक शहारा गेला आणि मग पोट हलायचं थांबलं. डॉक्टरनं नळी बाहेर काढली.

थोरल्यानं एका ढांगेत भिंत ओलांडली आणि धाकट्याची कॉलर पकडली.

"ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत ना? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं हिनं! माळेच्या नावाखाली विष घातलं माझ्या गाईला! दोघांना पोलिसात देतो की नाही बघा!"

फाटकात कुजबुज सुरू झाली. "शोभतं का हे?" कोणीतरी म्हणालं. धाकटी तोंडाला पदर लावून रडत होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

डॉक्टर बादलीत हात धूत होती.

"मला एक कळलं नाही," ती म्हणाली. "गळ्यातल्या माळेपर्यंत गाईचं तोंड पोचत नाही. मग हिनं खाल्ली कशी?"

"गळ्यात ठेवतोय कोण!" थोरला छाती काढून म्हणाला. "त्यांच्या हातचं काही माझ्या गाईच्या अंगावर? घरी आल्या आल्या ओढून काढली आणि दिली गव्हाणीत भिरकावून!"

कुजबुज थांबली. थोरल्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. कोणीतरी म्हणेल, बरं केलंस. कोणी म्हणालं नाही. डॉक्टरनं हात पुसले आणि ती पिशवी आवरायला लागली.

थोरली भिंतीला वळसा घालून आली. तिनं नवऱ्याच्या मुठीवर हात ठेवला.

"अहो, हळू बोला," ती म्हणाली. "लोक ऐकतायत."