एका रेणूची साक्ष

दारातल्या डबीने त्र्यंबकरावांच्या श्वासातला एकच रेणू पकडला, लेसरच्या चिमटीत धरला, त्याची थरथर मोजली आणि मंजुळ आवाजात सांगितलं, "केशर."

"म्हणजे जिलबी!" त्यांच्या पत्नी सुलभाताई कडाडल्या. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना?"

"अगं, देवाशपथ, दुकानासमोर नुसता उभा होतो. वासाबरोबर गेला असेल एखादा रेणू नाकात!"

"डबी कधी चुकत नाही."

डबी खरंच चुकली नव्हती, आणि त्र्यंबकरावही खोटं बोलत नव्हते. पण ऐकणार कोण? न खाल्लेल्या जिलबीबद्दल तासभर बोलणी खाल्ल्यावर त्यांचं डोकं फिरलं. ते तडक दुकानात गेले, पावशेर जिलबी उभ्या उभ्या फस्त केली आणि चोरासारखे दारात परतले.

"फुंका," सुलभाताई म्हणाल्या.

त्यांनी फुंकर मारली. या वेळी चिमटीत नेमका हवेतला नायट्रोजनचा रेणू सापडला. "साधी हवा," डबी म्हणाली.

सुलभाताईंचे डोळे भरून आले. "मी इतकं टाकून बोलले, तरी तुम्ही पथ्य मोडलं नाहीत!"

त्यांनी प्रेमाने पानात कारल्याची भाजी वाढली, वर आणखी एक डाव. भरल्या पोटी त्र्यंबकरावांनी ती मुकाट्याने संपवली.