मलक्रोनांचा विस्तव

मलक्रोन आडनावाचं मूळ शोधत कॅनडाहून आयर्लंडला आलेला तरुण दारातच म्हणाला, "मावशी, देश सोडताना आमच्या लोकांनी चुलीतले निखारे शेजाऱ्यांच्या चुलीत ठेवले, परत येईपर्यंत विझू द्यायचे नाहीत म्हणून. ते घर शोधतोय." दार उघडणाऱ्या डेलियाने मागे वळून चुलीकडे पाहिलं. याच घराने चार पिढ्या तो विस्तव राखला होता. गेल्या हिवाळ्यात हीटर आला आणि तिनेच तो विझू दिला. "आलेच," म्हणत ती आत पळाली. चुलीत कागद कोंबून काडी ओढली. "मी तेव्हाच सांगत होतो!" नवरा पुटपुटला. "गप बस, पाया पडते तुझ्या!" जाळ झाल्यावर तिने पाहुण्याला आत बोलावलं. "हा बघ तुमचा विस्तव." त्याने गुडघे टेकून चुलीच्या दगडावर तळवे ठेवले. दगड गारठलेला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "उपकार झाले, मावशी."