गाडीच्या पोटातली हवा

"द्या मावशी, हळूच रेस द्या. बस्स! तिथंच पाय धरा."

मावशी गाडीत पाय धरून बसली. पुढे, बॉनेटखाली, मिस्त्री रेडिएटरच्या उघड्या तोंडाशी वाकला होता. हीटर पूर्ण चालू होता, तरी आतून येणारा वारा गारच. पाण्यात हवा अडकली की इंजिन तापतं आणि हीटर गार पडतो. महिन्यातली ही तिसरी खेप.

त्याने वरचा रबरी पाइप मुठीत धरून दाबला, सोडला. दाबला, सोडला. हिरव्या पाण्यावर एक बुडबुडा आला, त्यामागून दुसरा, मग रांगच लागली.

"ढेकर देतेय बघा," तो म्हणाला. "तान्ह्या पोराला खांद्यावर घेऊन थोपटतात ना, तसलंच काम हे. घाई चालत नाही."

"माझी दोन्ही पोरं ढेकर देऊन केव्हाच उडाली," मावशी आतून म्हणाली. "तू थोपट आपला. मला कुठं जायचंय?"

मग ती बोलत राहिली. जिन्यातला दिवा गेल्याचं, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवल्याचं, रेडिओवर वेळ सांगणाऱ्या बाईला सर्दी झाल्याचं. इंजिनच्या घरघरीत अर्धं त्याला ऐकू येत नव्हतं. तो नुसतं "हं" म्हणे, आणि तेवढ्यावर तिचं चाले.

पाणी खाली गेलं तशी त्याने भर घातली. गळती कुठेच नव्हती. पाइप कोरडे, क्लिपा घट्ट. मग हवा शिरते कुठून?

इंजिनच्या माथ्यावर हवा सोडायचा एक छोटा पितळी स्क्रू होता. पहिल्या खेपेला त्यानेच तो तिला कौतुकाने दाखवला होता. आज त्याने बोट टेकवलं, तर स्क्रू नुसत्या बोटाने फिरला. खाचेत ताजे ओरखडे होते, चमच्याच्या दांडीने उचकटल्यासारखे.

त्याने उघड्या बॉनेटच्या कडेने काचेतून पाहिलं. स्टिअरिंगवर ठेवलेल्या तिच्या अंगठ्याच्या नखात हिरवा डाग होता. मावशीने हात मांडीवर घेतला.

त्याने स्क्रू नीट आवळला. हळूहळू बुडबुडे सरले. हीटरचा वारा आता गरम येत होता, तिच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते. त्याने झाकण लावलं, हाताने खूण केली. तिने किल्ली फिरवली. एकदम सगळं शांत झालं.

"मावशी, एक दिवस इंजिन जळेल हो."

"हं," मावशी म्हणाली.

फडक्याला हात पुसत तो तिच्या खिडकीशी आला. बराच वेळ एकच बोट पुसत राहिला.

"बुधवारी अशाच दोन गाड्या आहेत. मी एकटा. पेडलवर वीट ठेवतो, पण विटेला 'हळू' म्हटलेलं कळत नाही. रेस धरायला कुणी असतं तर..."

"माझ्या गाडीला काही झालेलं नसलं तरी येऊ?"

"गाडी कशाला? चालत या. पाय तेवढा आणा."

ती हसायला गेली, ते जमलं नाही. इंजिन बंद होतं, तरी पाय अजून पेडलवरच होता.

"आठला येते."

"दहाला उघडतो मी, मावशी."

"मी बाहेर थांबेन."